मानेतील प्लेट आणि हाडाचा जोड



‘त्यांच्या मानेत प्लेट टाकली आहे’ हे वाक्य बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांत आता कोणाला नवे वाटत नाही. कोणी धावत्या लोकलमधून पडतो, कोणी बांधकामाच्या परांचीवरून घसरतो, तर कोणाच्या मानेचे मणके वयोमानाप्रमाणे झिजून हातापायांना मुंग्या आणतात. पुढे शस्त्रक्रिया होते, प्लेट बसते, आणि घरी आल्यावर शेजारीपाजारी ‘आता हाड जोडले, काळजी मिटली’ असे म्हणून चहा घेऊन उठतात. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही या भाबड्या समजुतीपासूनच करणार आहो. धातूने हाड जोडले जात नाही. हाड जोडते ते हाडच. जोड लागेपर्यंत हाडांना एका जागी धरून ठेवावे, एवढेच प्लेटचे काम. पण किती घट्ट धरावे, किती दिवस धरावे आणि कोठे धरावे, हे कळण्यास वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्याच मध्य रेल्वेच्या वाटेवर, परळ येथे लिहिले गेले. म्हणून हा विषय आम्हांला आपल्या घरचा वाटतो.

मोडलेले हाड स्थिर ठेवावे हे ज्ञान फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र विचार असून झाडांच्या साली व वेळूच्या कांबी बांधून मोडलेला अवयव जागी ठेवावा, असे सांगितले आहे. आपल्या खेड्यांतील हाडवैद्यांच्या हातांत तीच विद्या परंपरेने राहिली. १८५२ साली मॅथिसेन या डच लष्करी वैद्याने प्लॅस्टरचे बँडेज काढले, तेव्हा कांबीची जागा प्लॅस्टरने घेतली. तत्त्व तेच राहिले. हातापायाला कांब बांधता येते, परंतु मानेचे काय करावे? मानेच्या सात मणक्यांतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो. मणका थोडा सरकला तरी चारही हातपाय लुळे पडण्याचे भय. १९३३ साली अमेरिकेत क्रचफिल्ड याने कवटीच्या हाडाला चिमटे लावून वजन टांगण्याची पद्धत सांगितली. रोग्याने आठवडेच्या आठवडे पाठीवर पडून राहावयाचे, पाठीला जखमा व्हावयाच्या, छातीत कफ साठावयाचा. मान वाचावी आणि माणूस अंथरुणात खचावा, अशी ती अवस्था होती. मानेत प्लेट का आली हे समजण्यासाठी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे.

आता हाड जुळते कसे ते पाहू. हाड मोडले की, त्या जागी रक्त साकळते. त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि मऊ, लालसर मांस धरते. पुढे त्याची कूर्चा बनते, कूर्चेत चुना भरतो आणि शेवटी खरे हाड तयार होते. या प्रत्येक पायरीला हालचाल सोसण्याची मर्यादा वेगळी आहे. स्वित्झर्लंडचे स्टेफान पेरेन यांनी ही गोष्ट आकड्यांत मांडली. मऊ मांस आपल्या लांबीच्या १०० टक्के ताणले तरी तग धरते. कूर्चा सुमारे १० टक्के ताण सोसते. हाड मात्र २ टक्क्यांपलीकडे टिकत नाही. म्हणजे फटीत हालचाल फार असेल तर शरीर मांस घालते, कूर्चाही घालते, पण शेवटची पायरी चढत नाही. मग दोन हाडांमध्ये खोटा सांधा राहतो आणि तो दुखत राहतो.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत याहून अवघड गोष्ट साधावयाची असते. मोडलेले हाड मुळात एकच असते; येथे मुळातच वेगळे असलेले दोन मणके एक करावयाचे असतात. मधली झिजलेली चकती काढावयाची, मणक्यांचे पृष्ठभाग खरवडून रक्ताळ करावयाचे, आणि फटीत बहुधा रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा बसवावयाचा. त्यालाही आपण कलमच म्हणू. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला ठाऊक असते की, फांदी खोडाला घट्ट बांधली नाही आणि वाऱ्याने ती हलत राहिली, तर कलम वाळते. हाडाच्या कलमाचेही असेच आहे. तो तुकडा आरंभी जवळजवळ निर्जीव असतो. दोन्ही मणक्यांतून केसांसारख्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने हाड हळूहळू खाल्ले जाते आणि त्या जागी नवे घातले जाते. या कामाला महिनेच्या महिने लागतात. कधी वर्षही लागते. तोवर फट हलू देता कामा नये. बदलापुरात सध्या इतक्या इमारती उठत आहेत की, ‘सेंटरिंग’ हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी आहे. स्लॅब पेलतो तो काँक्रीटच्या बळावर. पण काँक्रीट पक्के होईपर्यंत खाली सेंटरिंग लागते. मानेतील प्लेट ही त्या सेंटरिंगसारखी. फरक एवढाच की, मानेतले सेंटरिंग बहुधा काढीत नाहीत.

शरीरात धातूची प्लेट बसविण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८८६ साली जर्मनीतील हँबर्गच्या हान्समान याने केला. पुढे लंडनच्या आर्बथनॉट लेन याने हातापायांच्या हाडांवर पोलादी प्लेटा बसविल्या. जखमेला बोटही न लावता लांब हत्यारांनी काम करण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. परंतु त्या काळचे पोलाद शरीरातील खाऱ्या द्रवात गंजत असे. १९३०-४० च्या दशकात न गंजणारे मिश्रधातू व्यवहारात आले. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. आपले उल्हासनगर ज्या लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिले, ती छावणी त्याच युद्धातली. त्या युद्धात पेनिसिलिनचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि शरीरात परकी वस्तू ठेवून जखम शिवण्याचे धाडस वैद्यांना करता येऊ लागले. धातू आणि औषध हे दोन्ही हाती आले नसते तर आजच्या विषयावर बोलण्यासारखे काही उरले नसते.

१९४९ साली ब्रसेल्सच्या रोबेर दानी याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन तुकडे एकमेकांवर दाबून अगदी अचल ठेवले, तर बाहेर गाठ न येता हाड थेट हाडाला मिळते, असे त्याने दाखविले. त्याला भेटून आलेले स्विस शल्यवैद्य मॉरिस म्युलर आणि त्यांचे सोबती यांनी १९५८ साली बील या गावी एक अभ्यासमंडळ स्थापिले. पुढे त्या मंडळाची शिकवण जगभर गेली. आरंभी सगळ्यांचा कल ‘जितके घट्ट तितके चांगले’ असा होता. लौकरच एक अडचण दिसू लागली. घट्ट प्लेटखालचे हाड काही ठिकाणी विरळ होई. १८९२ सालीच बर्लिनच्या युलिउस वोल्फ याने सांगून ठेवले होते की, हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडविते. भार प्लेटने घेतला तर हाडाला काम उरत नाही आणि ते आळसावते, असा तर्क निघाला. पुढे खुद्द पेरेन यांनी त्यात दुरुस्ती केली. प्लेट हाडावर दाबून बसल्याने तेथील रक्तपुरवठा तुटतो, हेही त्या विरळपणाचे मोठे कारण आहे, असे त्यांनी दाखविले. मग हाडाला कमीत कमी ठिकाणी टेकणाऱ्या प्लेटा आल्या. येथे इतिहासाला वळण मिळाले. घट्ट धरणे पुरेसे नाही. हाडाला रक्तही मिळाले पाहिजे आणि थोडा भारही मिळाला पाहिजे.

आता मानेकडे येऊ. १८९१ साली टेक्सासमधील हाड्रा याने मोडलेल्या मानेच्या मणक्यांची मागची टोके तारेने बांधली. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी यांनी स्वतंत्रपणे मणके हाडानेच जोडण्याच्या शस्त्रक्रिया सांगितल्या. आल्बीने ती पाठीच्या कण्याच्या क्षयासाठी योजिली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. किडलेला कणा वाकू नये म्हणून हाडाचा आधार द्यावयाचा. आपल्या देशात हा रोग अजूनही गेलेला नाही, हे येथे सांगावेसे वाटते.

मानेच्या पुढच्या बाजूने, गळ्यातून वाट काढून मणक्यापर्यंत जाण्याची कल्पना पक्की झाली ती १९५० नंतर. बाल्टिमोरच्या रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी १९५५ साली, तर हवाई बेटांतील क्लोवर्ड यांनी १९५८ साली आपापल्या पद्धती प्रसिद्ध केल्या. दोघांनीही चकती काढून त्या जागी कमरेचे हाड बसविले. रॉबिन्सन व स्मिथ यांनी नालाच्या आकाराचा तुकडा घेतला, क्लोवर्ड यांनी गोल डट्टा. प्लेट कोणीच बसविली नाही. तरीही एकाच ठिकाणचा जोड असेल तर बहुतेकांचे हाड जुळे. संकट येई ते दोन-तीन ठिकाणी जोड करावयाचा असला म्हणजे. कलम सरके, दाबाने चेपे, मान पुढे झुकू लागे. आणि रोग्याला कडक गळपट्ट्यात दिवस काढावे लागत. १९७० साली बार्सिलोनाचे ओरोस्को आणि ल्योवेत यांनी मानेच्या पुढील बाजूस प्लेट बसविल्याचे प्रसिद्ध केले. १९८० च्या दशकात जर्मनीच्या वोल्फहार्ड कास्पार यांनी मानेसाठीच घडविलेली प्लेट रूढ केली.

प्लेटने हाड अधिक जुळते काय? अमेरिकेतील जेफ्री वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या नोंदी तपासून याचे उत्तर दिले. १९९९ साली त्यांनी एका ठिकाणच्या जोडाचे ८० रोगी पाहिले. प्लेट असलेल्यांत ४.५ टक्के आणि नसलेल्यांत ८.३ टक्के जोड अपुरे राहिले. एवढ्या थोड्या रोग्यांत हा फरक खात्रीचा म्हणता येत नाही. २००० साली दोन ठिकाणच्या जोडाचे ६० रोगी पाहिले. प्लेट नसलेल्या २८ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नव्हते. प्लेट असलेल्या ३२ जणांत असा एकही नव्हता. जोड जितके अधिक तितकी हालचाल अधिक, आणि तितका प्लेटचा उपयोग अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे. शिवाय प्लेट असली की कलम कमी चेपते आणि मानेची कमान टिकते.

पण मानेतही घट्टपणाचा अतिरेक बाधतो. कलमातले जुने हाड खाल्ले जात असता ते किंचित ठेंगणे होते. प्लेट आणि स्क्रू अगदी ताठ असतील तर वरचा मणका खाली उतरू शकत नाही. कलमावरचा दाब सुटतो, फट राहते, आणि जिच्याकडून मदतीची आशा त्या प्लेटनेच जोड अडविला असे होते. म्हणून पुढे अशा प्लेटा निघाल्या की, ज्यांच्या लांबट भोकांतून स्क्रू थोडा घसरतो किंवा कलतो. मणका कलमावर बसत जातो, पण पुढेमागे हलत नाही. दुसरी खबरदारी लांबीची. प्लेटचे टोक शेजारच्या निरोगी चकतीच्या फार जवळ गेले तर तेथे नको असलेले हाड वाढते. त्यासाठी निदान ५ मिलिमीटर अंतर राखावे, असे सांगतात. प्लेट जाड असली तर गिळताना अडखळते, हाही अनुभव आहे.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत उमेद घालविलेल्या श्रोत्यांना धातूचा थकवा म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. तार एकदा वाकविली तर तुटत नाही. शंभरदा मागेपुढे केली म्हणजे तुटते. माणूस दिवसातून किती वेळा मान हलवितो ते मोजून पाहा. हाड जुळेपर्यंतचा सारा भार स्क्रूंवर असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर एक शर्यत सुरू होते : आधी हाड जुळते की आधी धातू थकतो? हाड जुळले तर भार त्याच्यावर जातो आणि धातू निवांत होतो. हाड जुळले नाही तर कितीही उंची प्लेट असो, आज ना उद्या स्क्रू सैल होतो किंवा तुटतो. तुटलेला स्क्रू हा बहुधा वाईट कारागिरीचा पुरावा नसतो. हाड जुळले नसल्याची ती खूण असते.

आता या कथेतील परळचे पान उघडू. मानेचा पहिला मणका कवटीला पेलतो. आकाश पेलणाऱ्या ग्रीक देवावरून त्याला ॲटलास म्हणतात. आपल्याकडचा शेष तो हाच. दुसऱ्या मणक्यातून वर एक दातासारखा खुंट गेलेला असतो, आणि जात्याचा वरचा दगड खालच्या दगडातील खिळ्याभोवती फिरावा तसा पहिला मणका त्याभोवती फिरतो. आपण मान डावीउजवीकडे वळवितो त्यातली जवळजवळ निम्मी फिरकी या एकाच सांध्यात असते, आणि तेथे चकती मुळीच नाही. हा सांधा निखळला की मज्जारज्जूच्या सर्वांत नाजूक भागावर दाब येतो. चाल लटपटते, हातातून वस्तू पडतात, पुढे श्वासही अडतो. जन्मजात व्यंग, क्षय, संधिवात, अपघात अशी त्याची कारणे आहेत. आणि जन्मजात व्यंगाचे रोगी आपल्या देशात पुष्कळ आढळतात.

जेथे हालचाल सर्वांत अधिक, तेथेच हाड जोडणे सर्वांत कठीण. १९१० साली बोस्टनमध्ये मिक्स्टर आणि ऑस्गुड यांनी हे दोन मणके रेशमी धाग्याने बांधले. १९३९ साली टोरोंटोच्या गॅली याने तार आणि हाडाचे कलम यांची पद्धत सांगितली. ती वर्षानुवर्षे चालली. तार मागून बांधली म्हणजे मान पुढे झुकणे थांबते, पण फिरकी पुरती थांबत नाही. आणि फिरकी उरली की हाड रुसते. स्वित्झर्लंडच्या मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांतून तिरपा आरपार स्क्रू घालण्याची युक्ती काढली. ती भक्कम होती. परंतु मेंदूकडे जाणारी रोहिणी त्या मणक्यातूनच वळण घेऊन जाते, आणि काही रोग्यांत स्क्रूला सुरक्षित वाटच नसते.

परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, ते तेथील सर्व अध्यापक भारतीय असावेत या आग्रहाने. मुंबई महापालिकेच्या या रुग्णालयात, आचार्य दोंदे मार्गावर, मेंदू व मज्जाशल्याचे वैद्य डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून एक वेगळी पद्धत वापरली. पहिल्या मणक्याच्या दोन्ही बाजूंस जे जाड भाग असतात त्यांत एकेक स्क्रू, दुसऱ्या मणक्यात दोन्ही बाजूंस एकेक स्क्रू, आणि प्रत्येक बाजूची जोडी एका छोट्या प्लेटने बांधलेली. १९९४ साली गोयल आणि लाहेरी यांनी ती ‘ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. २००२ साली गोयल व सहकाऱ्यांनी १६० रोग्यांचा वृत्तान्त दिला.

या पद्धतीचे मर्म आमच्या मते प्लेटपेक्षा सांध्यात आहे. तारेच्या पद्धतीत कलम मागे, सांध्यापासून दूर बसते. येथे शल्यवैद्य दोन मणक्यांमधला सांधाच उघडतात, त्यातली कूर्चा खरवडतात आणि त्या फटीतच हाडाचे तुकडे भरतात. डोक्याचा भार तेथूनच खाली उतरतो, म्हणून कलमाला दाब मिळतो. चार स्क्रूंमुळे फिरकी थांबते, म्हणून कलमाला स्वस्थता मिळते. आणि दोन रुंद, रक्ताळ पृष्ठभाग समोरासमोर येतात, म्हणून त्याला रक्त मिळते. दानी, वोल्फ आणि पेरेन यांनी वेगवेगळ्या काळी सांगितलेल्या तिन्ही अटी येथे एका लहानशा सांध्यात पुऱ्या होतात. त्याची किंमतही आहे. तो सांधा दिसावा म्हणून दुसऱ्या मणक्याजवळच्या मज्जातंतूची गाठ कापली जाई. त्यामुळे डोक्याच्या मागच्या बाजूस बधिरपणा राहतो. तेथे शिरांचे जाळे असते, रक्तस्राव होतो, आणि रोहिणी जवळच असते. जोड लागल्यावर ती निम्मी फिरकी कायमची जाते. चालणे आणि श्वास यांच्या बदल्यात हा सौदा मान्य करावा लागतो.

२००१ साली जर्मनीचे हार्म्स आणि मेल्खर यांनी त्याच जागी फिरत्या डोक्यांचे स्क्रू आणि प्लेटऐवजी दांडी वापरून आपली पद्धत प्रसिद्ध केली. ती हाताळण्यास सोपी ठरली, जगभर पसरली, आणि बऱ्याच ठिकाणी एकट्या हार्म्स यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे वैद्यकीय लेखनात ‘गोयल-हार्म्स’ असे जोडनाव रूढ झाले. हा केवळ मानापमानाचा प्रश्न आहे असे आम्हांला वाटत नाही. जेथे गर्दीत खाटांखालीही रोगी झोपतात अशा सार्वजनिक रुग्णालयात नवे ज्ञान निर्माण होऊ शकते, हे आपल्याला ठाऊक नसेल, तर अशी रुग्णालये ही केवळ गरिबांची सोय आहे असे मानून आपण त्यांची उपेक्षा करू. आपल्या कराच्या आणि आपल्या पिढ्यांच्या विश्वासाच्या बळावर जे उभे राहते, त्याचा इतिहास आपणच सांगितला पाहिजे.

असो. शेवटी इतिहासातून व्यवहारास उपयोगी पडेल असे थोडे. मानेत प्लेट बसली म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे काम रोग्याच्या शरीराचे आहे आणि ते दिसत नाही. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे जोड अधिक वेळा फसतात, आणि तंबाखू चघळणाऱ्याने किंवा मिश्री लावणाऱ्या मावशींनी त्यात आपण नाही असे समजू नये. गळपट्टा सांगितला असेल तितके दिवस घालावा; दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नव्हे. बोलाविलेल्या दिवशी पुन्हा एक्स-रेसाठी जावे. बदलापूरहून परळपर्यंतचा प्रवास गर्दीचा आणि कंटाळवाणा आहे हे आम्ही जाणतो. पण शर्यतीत कोण पुढे आहे, हाड की धातू, हे त्या एका चित्रावरूनच कळते. आणि यापुढे कोणी ‘त्यांच्या मानेत प्लेट टाकली आहे’ असे म्हणाला, तर त्याला सहज विचारावे, ‘हाड जुळले का?’ तोच खरा प्रश्न आहे.